पेडल स्वतः उघडावं की टेक्निशियनला द्यावं?

गिटारच्या इफेक्ट पेडलमधले बदल आणि दुरुस्ती याबद्दलची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे आयबानेझचं टीएस९ (ट्यूब स्क्रीमर) आहे, म्हणजे गिटारचा आवाज जरा फाटका करणारं ओव्हरड्राइव्ह पेडल. त्याचं ‘८०८’ (त्याच पेडलचं जुनं मॉडेल, टीएस८०८) करून द्यायला एका टेक्निशियनने २,५०० रुपये सांगितले. प्रत्यक्षात दोनच रेझिस्टर बदलायचे असतात म्हणे. मग एवढे पैसे कशाचे? घरी जमेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रेझिस्टर दोनच आहेत, हे खरं. टीएस९ च्या आउटपुटला ४७० ओहम आणि १०० के (किलो-ओहम) असतात, तर टीएस८०८ मध्ये त्याच जागी १०० ओहम आणि १० के. माल दोन-चार रुपयांचा. टेक्निशियन पैसे घेतो ते बोर्ड न जाळता जुना भाग काढण्याचे आणि काही बिघडलंच तर निस्तरण्याचे. त्या २,५०० मध्ये आयसी, डायोड, कपॅसिटर आणि खालचा स्विच येत असेल तर भाव समजण्यासारखा आहे. नुसत्या दोन रेझिस्टरसाठी असेल तर महाग. आधी कामाची यादी मागा.

पण त्याआधी एक हिशेब बघा. ४७० ओहमपुढे १०० के असो की १०० ओहमपुढे १० के, सिग्नलची घट एक टक्क्याच्या आतबाहेरच राहते. पेडल थेट अ‍ॅम्पला लावत असाल तर हा फरक ओळखू येणं कठीण. आयसीचंही तेच. पेडल उघडून आधी आयसीवरचं नाव वाचा. तिथे जेआरसी ४५५८डी आधीच बसलेला असेल तर ‘८०८ चा आयसी’ म्हणून वेगळे पैसे देण्यात अर्थ नाही.

आवाज खरोखर बदलतो तो क्लिपिंगच्या, म्हणजे सिग्नलचे शेंडे कापून आवाज फाटका करणाऱ्या टप्प्यात. तिथे ४.७ के रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (अंगावर ४७३ लिहिलेला) एका ओळीत जमिनीकडे (ग्राउंडला) जातात. या जोडीमुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) उतरत जातो, म्हणून टीएस९ चा आवाज मधल्या पट्टीत चढा आणि खाली पातळ लागतो. त्या जागी ०.१ मायक्रोफॅरड (१०४) लावला तर ही मर्यादा ३४० हर्ट्झच्या आसपास येते आणि जाड तारा भरीव वाजतात. याहून मोठा कपॅसिटर लावू नका. ड्राइव्ह वाढवला की खालचे सूर चिखलासारखे एकमेकांत मिसळतात. पाच-सात रुपयांचा हा एक भाग त्या दोन रेझिस्टरपेक्षा जास्त काम करतो, आणि हे घरी जमण्यासारखं आहे, कारण टीएस९ च्या बोर्डावर पायांचे, म्हणजे भोकातून आरपार जाणारे भाग असतात.

सामान : २५ वॉटची टोकदार सोल्डरिंग आयर्न, किंवा तापमान लावता येणारी असेल तर ३५० अंशांवर, आत रोझिन असलेली ६०/४० ची (कथील-शिशाची) ०.८ मिलिमीटर सोल्डर वायर. सक्शन पंप, डिसोल्डर विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) आणि मल्टीमीटर. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे हे सगळं एका फेरीत होतं. रेझिस्टर पाव वॉटचे, एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या. जुन्या चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर १०० ओहम म्हणजे तपकिरी-काळा-तपकिरी, तर नव्या पाच पट्ट्यांच्यावर तपकिरी-काळा-काळा-काळा. १० के असेल तर चौथी पट्टी लाल. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि तपकिरी हमखास फसवतात, म्हणून लावण्याआधी प्रत्येक भाग मीटरवर मोजा.

बॅटरी आणि अ‍ॅडॉप्टर काढा. बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. आउटपुट जॅकच्या टिप (सिग्नलचा संपर्क) आणि स्लीव्ह (ग्राउंडचा संपर्क) यांमध्ये मीटर लावला तर साधारण १०० के दाखवेल. बदल केल्यावर तिथेच १० के दिसायला हवं. ही एवढी एक तपासणी चुकीचा रेझिस्टर काढण्यापासून वाचवते.

भाग काढताना जुन्या सांध्यावर आधी थोडी नवी सोल्डर लावा, मगच पंप मारा. जुनी सोल्डर नुसती तापवत बसलात तर आठ-दहा सेकंदांत तांब्याची पट्टी बोर्डापासून सुटते, आणि नवशिक्यांच्या हातून होणारं सगळ्यात महाग नुकसान हेच. आयर्न एका सांध्यावर तीन सेकंदांपेक्षा जास्त नको. सोल्डर ओघळली नाही तर आयर्न उचला, टोक पुसा, पुन्हा लावा. पट्टी सुटलीच तर भागाचा पाय वाकवून त्याच पट्टीवरच्या पुढच्या सांध्याला जोडा. दिसायला ओबडधोबड, पण चालतं.

आयसी बदलायचाच असेल तर तो अख्खा काढायच्या भानगडीत पडू नका. बारीक कटरने आठही पाय कापा, एकेक पाय तापवून उपसा आणि त्या जागी आठ पायांचा आयसी बेस लावा. खाच कुठल्या बाजूला होती ते फोटोत बघा. आयसी उलटा बसवून वीज दिली की तो तापतो आणि बहुतेक वेळा जातोच.

एका वेळी एकच बदल करा आणि वाजवून बघा. चार भाग एकदम बदलून पेडल गप्प झालं तर दोष कुठल्या सांध्यात आहे हे शोधण्यात रात्र जाते.

प्रश्न : ओव्हरड्राइव्ह पेडलला चुकून कीबोर्डचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला. आता दिवाही लागत नाही. पेडल गेलं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन ऋण असते. कीबोर्डच्या बऱ्याच अ‍ॅडॉप्टरमध्ये मधली पिन धन असते. अशी उलटी वीज आली की डीसी जॅकजवळचा संरक्षक डायोड (१एन४००१ किंवा तसाच) ती स्वतःवर घेतो आणि शॉर्ट होऊन बसतो. पुढचं सर्किट वाचतं. शॉर्ट डायोडमुळे नंतर योग्य अ‍ॅडॉप्टर लावूनही दिवा लागत नाही, आणि बॅटरी लावली तर ती गरम होते. त्यामुळे बॅटरी लावून ‘बघू या’ म्हणू नका.

मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि डायोडचा एक पाय बोर्डातून मोकळा करून मोजा. चांगला डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवतो, दुसऱ्या बाजूने काहीच नाही. दोन्हीकडून शून्याजवळ आकडा आला तर तो गेला. नवा १एन४००१ किंवा १एन४००७ लावा, चंदेरी पट्टी धन बाजूला. खर्च एक-दोन रुपये. या कामासाठी टेक्निशियनकडे जायची खरंच गरज नाही.

डायोड जळून आतून तुटला असेल, म्हणजे दोन्हीकडून काहीच दाखवत नसेल, तर मात्र उलटी वीज पुढे गेली असण्याची शक्यता आहे. डायोड बदला, ९ व्होल्ट द्या आणि आयसीचे पाय मोजा. ४५५८ मध्ये आठव्या पायावर ९ च्या आसपास, चौथ्यावर शून्य आणि बाकीच्यांवर साधारण साडेचार व्होल्ट हवेत. तिसरा पाय थोडा कमी दाखवला तर काळजी नको, मीटरच तेवढा भार टाकतो. पहिला किंवा सातवा पाय शून्यावर वा नऊवर चिकटला असेल तर आयसी बदला. फुगलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदला आणि नवे २५ व्होल्टचे घ्या. एवढं करूनही पेडल बोललं नाही तर थांबा. कुठला भाग गेला हे माहीत असेल तर काम स्वस्तात होतं. तो शोधायचा असेल तर पैसे अनुभवाचे असतात, आणि ते देण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेले ‘जर्मेनियम’ डायोड डिस्टॉर्शन पेडलमध्ये लावले. आवाज उलट कमी झाला. डायोड नकली आहेत का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आवाज कमी होणं हे डायोड अस्सल असल्याचं लक्षण असू शकतं. बॉस डीएस-१ सारख्या पेडलमध्ये डायोड सिग्नलला थेट जमिनीकडे कापतात. सिलिकॉनचा १एन४१४८ साधारण ०.६ व्होल्टवर कापतो, जर्मेनियमचा ०.३ च्या आसपास, म्हणून आवाज जवळपास निम्म्यावर येतो. लाल एलईडी १.७ च्या आसपास कापतो, त्यामुळे आवाज मोठा आणि मोकळा होतो. एक सिलिकॉन आणि समोर एक एलईडी अशी विषम जोडी डीएस-१ मध्ये छान वाजते. जर्मेनियमपेक्षा तीच करून बघा. नकली ओळखायचा असेल तर मीटरवर ०.६ दाखवणारा ‘जर्मेनियम’ सिलिकॉनच आहे. आणि खरा जर्मेनियम उष्णतेने लवकर जातो, म्हणून सोल्डर करताना त्याचा पाय चिमट्याने धरून ठेवा.

प्रश्न : बॉसच्या पेडलला ट्रू बायपास (पेडल बंद असताना सिग्नल आतल्या सर्किटला न शिवता थेट बाहेर जाणं) करून घ्यावं का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : नको. बॉसमध्ये स्विचिंग इलेक्ट्रॉनिक असतं, पायाखालचं बटण फक्त इशारा देतं. तिथे ३पीडीटी (तीन जोड एकदम बदलणारा पायाचा) स्विच बसवायचा तर डबीला भोक पाडून अर्धं वायरिंग बदलावं लागतं. शिवाय बॉसचा बफर (लांब केबलमध्येही सिग्नल टिकवणारं छोटं सर्किट) उपयोगी असतो. केबलची कपॅसिटन्स दर मीटर लांबीला साधारण १०० पिकोफॅरड असते. स्टेजवर दहा मीटर केबल, सगळी पेडल ट्रू बायपास आणि मध्ये एकही बफर नाही, अशा जोडणीत गिटारची चमक जाते.

तुमच्याकडची तक्रार ‘आवाज मधूनच जातो’ अशी असेल तर पावसाळ्यातली दमट हवा जॅकमध्ये गंज धरते हे लक्षात घ्या. जॅक, पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) आणि बटणाखालचा छोटा स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. गंज सोडवायचं साधं तेल पॉटमध्ये मारू नका, त्यावर धूळ चिकटून खरखर वाढते.

प्रश्न : माझं पेडल नवं आहे, आतले भाग मोहरीएवढे आहेत. हे कोणाकडे द्यावं? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हे एसएमडी, म्हणजे भोकातून न जाता बोर्डाच्या वरच सोल्डर केलेले भाग. साध्या आयर्नने त्यांच्या वाटेला जाऊ नका. गिटारचा टेक्निशियन जवळ नसेल तर मोबाइल दुरुस्तीवालाही चालेल. त्याच्याकडे हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र) असतं आणि हात सरावलेला असतो, फक्त कुठला भाग काढून काय लावायचं हे तुम्ही कागदावर लिहून द्यायला हवं. डिजिटल डिले-रिव्हर्बमध्ये मात्र बदल करायला काही फारसं नसतंच, ते तसंच राहू द्या.

पेडल कोणालाही देताना आतले फोटो काढून ठेवा. काढलेले भाग पुडीत परत मागा आणि बोर्डावर काळा गोंद ओतू नका हे आधीच सांगा, नाहीतर पुढची दुरुस्ती कोणीच हातात घेत नाही. ट्रान्झिस्टर बदलणार असेल तर नव्या भागाचा नंबर विचारा. २एससी१८१५ चे पाय चपटी बाजू समोर धरली की एमिटर-कलेक्टर-बेस असे येतात, २एन३९०४ चे एमिटर-बेस-कलेक्टर, आणि बीसी५४७ चे कलेक्टर-बेस-एमिटर. ‘त्याच जागी सरळ बसतो’ असं कोणी म्हणालं तर पेडल परत घेऊन या.