वाचक विचारतात: हेडसेटची वायर तुटली, घरी जोडू का?

प्रश्न: मी गोंदियाला फ्लाइंग ट्रेनिंग घेतोय. हेडसेट सेकंडहँड आहे, साधा, बॅटरीवाला नाही. मान वळवली की उजवा कान बंद पडतो आणि इन्स्ट्रक्टर म्हणतात तुझा आवाज पण मधेच तुटतो. सोल्डरिंग येतं मला. करू का स्वतः?

उत्तर: करा, पण वायरीला कटर लावायच्या आधी तोच हेडसेट शेजारच्या सीटच्या जॅकमध्ये लावून बघा. तिथे नीट चालला तर दोष विमानाच्या जॅकचा, तो एएमईला (विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरला) सांगायचा, त्याला आपण हात लावायचा नाही. दोन्हीकडे तेच झालं तर मग हेडसेट उघडा.

मला यात एक नाही दोन ठिकाणी तुटलेलं वाटतंय. बऱ्याच हेडसेटमध्ये मेन केबल डाव्या कानाच्या कपात शिरते आणि तिथून एक बारीक वायर हेडबँडवरून उजव्या कानाकडे जाते, मान वळवल्यावर फक्त उजवा कान जातो म्हणजे आधी तीच वायर बघायची, विशेषतः कपात शिरते त्या वळणावर. माइकची वायर मात्र बहुतेक वेळा प्लगच्या मानेशीच तुटते कारण लोक प्लग न धरता केबल धरून ओढतात.

मल्टिमीटर ओहमवर ठेवा. जाड प्लग (६.३५ मिमी) कानाचा, बारीक (५.२३ मिमी) माइकचा. जाड प्लगचं टोक आणि मागचा भाग यांच्यात साधारण शे-दोनशे ओहम किंवा जास्त दिसेल, आता केबल बोटाबोटाने वाकवत जा, जिथे आकडा उडी मारतो तिथे तुटलंय. माइकला ही युक्ती चालत नाही, आत इलेक्ट्रेट (आवाज पकडणारा छोटा भाग) आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, म्हणून कप उघडून प्लगपासून आतल्या टाक्यापर्यंत एकेक वायर वेगळी तपासा. रंगांचा फोटो आधी काढून ठेवा, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे.

पुष्कळ केबलमध्ये नुसती तार नसते, दोऱ्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असते, तिच्यावर सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं की दोरा जळतो आणि जोड हातात येतो. पट्टी हलकेच खरवडा, फ्लक्स लावा, टेकवा आणि उचला. आणि नवीन प्लगचं कव्हर न् हीटश्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) केबलमध्ये आधी ओवून घ्या, नाहीतर सगळा टाका परत सोडवायला लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माइकच्या प्लगला तीन भाग असतात: मधली रिंग म्हणजे तुमचा आवाज, मागचा भाग ग्राउंड, आणि टोक म्हणजे पीटीटीची, म्हणजे बोलताना दाबायच्या बटणाची लाइन. टोक ग्राउंडला चिकटलं की रेडिओ समजतो बटण दाबलंय आणि ट्रान्समिट करत राहतो. तुम्हाला काही ऐकू येणार नाही आणि त्या फ्रिक्वेन्सीवरचे बाकी सगळे अडकणार, कोणी फायनलवर (उतरायच्या शेवटच्या टप्प्यात) असेल, कोणी सोलो, एकटाच उडवत! त्यासाठी तारेचा एक सुटा, केसाएवढा धागा पुरतो. म्हणून जोडून झाल्यावर टोक आणि ग्राउंड मीटरवर बघाच, काहीही जुळता कामा नये, केबल वाकवून सुद्धा. मग जमिनीवर इंटरकॉमवर बोलून बघा, रेडिओचा ट्रान्समिट दिवा आपोआप लागत नाही ना ते बघा, त्यानंतरच उड्डाणाला न्या.

प्रश्न: मामांकडून हेलिकॉप्टरचा हेडसेट मिळालाय, एकच प्लग आहे. तो कापून विमानाचे दोन प्लग लावू का?

उत्तर: अजिबात कापू नका. त्या एका प्लगला चार कॉन्टॅक्ट असतात आणि त्याला दोन प्लग करणारा अ‍ॅडॅप्टर तयार मिळतो. फक्त तो हेडसेट लष्करी नाही ना ते बघून घ्या, कारण जुन्या लष्करी माइकचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ५ ओहमच्या आसपास असतो, तो आपल्या साध्या विमानांच्या रेडिओला मधे अ‍ॅम्प्लिफायर घातल्याशिवाय चालत नाही, नुसत्या अ‍ॅडॅप्टरने काम होणार नाही.