सॉस बघा, मग बाटली मागवा

वाइनविषयी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे नव्या धाटणीच्या छोट्या रेस्टॉरंटांमधल्या जेवणाविषयी आहेत : बर्गर, रामेन, टाको, मधोमध ठेवून वाटून खायच्या बशा. बहुतेकांची अट एकच, बाटली खिशाला परवडणारी हवी. या जेवणापुरती ती अट अडचणीची नाही, उलट सोयीची आहे.

प्रश्न : कोरियन पद्धतीचं तळलेलं चिकन, वर गोडतिखट चिकट लाल सॉस, आणि सोबत ग्लासाने मिळणारी सगळ्यात स्वस्त रेड वाइन मागवली. दोन घासांतच तोंड पेटलं आणि वाइन कडू लागायला लागली. वाइन स्वस्त होती म्हणून असं झालं का?

उत्तर : नाही. तिच्या तिप्पट किमतीची, ओकच्या पिंपात मुरलेली रेड मागवली असती तर बहुधा आणखी कडू लागली असती.

तोंडात तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या ज्या चेतातंतूंना चाळवतं, त्यांनाच अल्कोहोलही चाळवतं. त्यामुळे 14 टक्क्यांची वाइन तिखटावर पाण्याचं काम न करता तेलाचं काम करते. दुसरं, सॉसमध्ये साखर होती. गोड घासानंतर कोरडी वाइन घेतली की तिच्यातली फळाची चव विरून जाते आणि आंबट-तुरट तेवढं उरतं. पेढ्यावर चहा घेतला की चहा अगोड लागतो, तसंच. तिसरं, रेडमधलं टॅनिन, म्हणजे तिला तुरट करणारा घटक, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, जीभ खरखरीत होते आणि त्या खरखरीत जिभेला मिरची जास्त झोंबते.

म्हणून अशा चिकनबरोबर हवी ती कमी अल्कोहोलची, किंचित गोड, आंबटपणा शाबूत असलेली आणि ओक न लागलेली वाइन. रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या जर्मन वाइनमधली ‘काबिनेट’ प्रतीची बाटली बहुधा 8 ते 10 टक्क्यांची असते आणि इथे ती चपखल बसते. मात्र लेबलवर ‘ट्रोकन’ हा शब्द असेल तर ती कोरडी आहे, या डिशपुरती सोडून द्या. ‘फाइनहेर्ब’ किंवा ‘हाल्बट्रोकन’, म्हणजे अर्धवट कोरडी, असेल तर चालेल. रीसलिंग नसेल तर फ्रान्समधल्या वूव्रेची ‘दमी-सेक’, म्हणजे अर्धगोड, शेनिन ब्लांक विचारा. रेडच हवी असा हट्ट असेल तर गोडसर लाम्ब्रुस्को, म्हणजे लेबलवर ‘आमाबिले’ लिहिलेली, थंडगार करून.

वेटरला गोडवा सांगता आला नाही तर बाटली दाखवायला सांगा आणि अल्कोहोलचा आकडा वाचा. द्राक्षातल्या साखरेचंच अल्कोहोल होतं. रीसलिंगमध्ये ते 8-9 टक्क्यांवर थांबलं असेल तर थोडी साखर मागे उरली आहे असं धरायला हरकत नाही. हा ठोकताळा पोर्तुगालच्या विन्यो वेर्देला लावू नका. तिथे द्राक्षंच कमी साखरेची असताना खुडतात, त्यामुळे 10 टक्क्यांची बाटलीही बरेचदा कोरडी निघते.

फेसाळ वाइनच्या लेबलवर तर शब्दच फसवतात. ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे लीटरला 12 ते 17 ग्रॅम साखर आणि ‘ब्रूट’ म्हणजे 12 ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ प्रोसेको (इटलीची फेसाळ वाइन) ब्रूटपेक्षा गोड. सौम्य तिखटाला ती छान चालते. सॉस खरोखर जहाल असेल तर मात्र बुडबुडेच टाळा, कारण ते स्वतःच जिभेला टोचतात.

प्रश्न : बर्गर म्हणजे मांस आणि मांस म्हणजे कॅबर्ने सोव्हिन्यों, असं ऐकून तीच मागवली. मजा आली नाही.

उत्तर : ती जोडी स्टेकची. स्टेकमध्ये मांस, मीठ आणि आचेचा डाग एवढंच असतं. बर्गर चावताना मात्र एकाच घासात गोडसर पाव, वितळलेलं चीज, व्हिनेगरमधली काकडी आणि केचप येतं. केचपच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 20 ते 25 ग्रॅम साखर असते. वर सांगितलेलं गोडाचं गणित इथेही लागू होतं. म्हणून वाइन निवडताना मांस कुठलं हे शेवटी बघा, आधी त्यावर काय थापलंय ते बघा.

चपट्या, कडा कुरकुरीत केलेल्या बर्गरला फ्रान्समधल्या बोजोलेची गामे किंवा हलकी गार्नाचा या रेड चांगल्या. दोन्हींत टॅनिन बेताचं आणि फळ भरपूर. बार्बेक्यू सॉस असेल तर पिकलेल्या फळाच्या चवीची झिनफांडेल घ्या, पण आकडा बघून. ती सहज 15 टक्क्यांपर्यंत जाते. मश्रूमचा बर्गर असेल तर टॅनिन आणखी कमी हवं, कारण मश्रूमची उमामी, म्हणजे रश्शासारखी दाट खमंग चव, वाइनचा कडूपणा वाढवते.

कॅबर्ने आधीच टेबलावर आली असेल तर सॉस वेगळ्या वाटीत मागा आणि बर्गरवर चिमूटभर मीठ भुरभुरवा. मिठाने वाइनचा कडूपणा दबतो. एक घोट आधी आणि एक नंतर घेऊन बघा, फरक लगेच कळतो.

प्रश्न : रेड वाइन कोमटच येते. बर्फाची बादली मागितली तर हसतील का?

उत्तर : हसू द्या. रेड ‘खोलीच्या तापमानाला’ प्यायची हे वचन थंड देशांतल्या जुन्या घरांचं आहे, गजबजलेल्या, शेजारीच भट्टी पेटलेल्या रेस्टॉरंटचं नाही. हलकी रेड 12 ते 14 अंश सेल्सिअसला, भारी रेड 16 ते 18 ला, व्हाइट 8 ते 12 ला, फेसाळ 6 ते 8 ला. 25 अंशांच्या रेडमधून आधी स्पिरिटचा भपका नाकात जातो, फळाचा वास मागे राहतो.

बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी हवं. नुसत्या बर्फात बाटली खोचली की खडे तिला मोजक्या जागी टेकतात, मधे हवाच राहते आणि ती थंड व्हायला बराच वेळ घेते. पाणी ओतलं की काच सगळीकडून गारठते. पाणी बाटलीच्या खांद्यापर्यंत यायला हवं, नाहीतर पहिला ग्लास कोमटच भरतो. रेडला 10 मिनिटं, व्हाइटला 20. रेड विसरून अर्धा तास ठेवलीत तर तुरटपणा टोकदार होतो आणि वास मिटतो; मग ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसायचं.

थेट ग्लासात बर्फ टाकला तर? स्वस्त वाइनचा त्यात अपमान वगैरे काही नाही, फक्त हिशेब बघा. 150 मिलिलीटर वाइनमध्ये 20 ग्रॅमचा एक खडा पूर्ण वितळला की ग्लासातला जवळपास आठवा हिस्सा पाणी असतं. तेव्हा खडा टाका, दोन मिनिटं फिरवा आणि चमच्याने काढून टाका.

प्रश्न : रामेनसोबत कोणती?

उत्तर : खरं सांगायचं तर कोणतीच नाही. रस्सा वाफाळता, खारट आणि उमामीने गच्च. गरम घोटावर अल्कोहोल जास्त जळजळतं आणि वाइनची बारीकसारीक चव त्यात बुडून जाते. आधी तळलेले ग्योझा (सारण भरलेल्या जपानी करंज्या) येणार असतील तर त्यांच्याबरोबर ब्रूट फेसाळ वाइनचा एक ग्लास घ्या, तो संपवा आणि रामेनबरोबर बीअर किंवा पाणी.

प्रश्न : आम्ही चौघे जातो, सहा-सात छोट्या बशा मागवतो आणि बाटली एकच परवडते. सगळ्यांना चालेल अशी कोणती?

उत्तर : आधी माप. बाटली 750 मिलिलीटरची, म्हणजे 150 चे पाच ग्लास. चौघांत वाटली तर प्रत्येकी सव्वा ग्लास. पहिल्यांदा 100-100 च ओता, नाहीतर तिसरी बशी येईपर्यंत बाटली रिकामी.

निवड करताना टेबलावरच्या सगळ्यात महाग पदार्थाकडे पाहू नका, सगळ्यात आडमुठा कोणता ते शोधा. ग्रिल केलेलं पनीर, तळलेले बटाटे कुणाशीही जुळवून घेतात. आडमुठे तीन : जहाल तिखट, गोड ग्लेझ (वरून चोपडलेला चकचकीत सॉस) आणि व्हिनेगरमधलं लोणचं किंवा सॅलड. व्हिनेगर साधारण 5 टक्के आम्लाचं असतं. वाइन त्याच्यापुढे कमी आंबट वाटते आणि सपक, पाणचट लागते. म्हणून आंबट बशीला तितकीच आंबट वाइन हवी, सोव्हिन्यों ब्लांक किंवा म्युस्कादे अशी कोरडी व्हाइट.

यादीत आंबट आणि तळलेलं जास्त असेल तर स्पेनची ब्रूट कावा मागवा. शॅम्पेनच्याच पद्धतीने तिचा फेस बाटलीत तयार होतो, निदान 9 महिने ती तळाच्या यीस्टवर मुरते, आणि किमतीला शॅम्पेनच्या पासंगालाही येत नाही. फेस आणि आंबटपणा तळणाचा तेलकटपणा जिभेवरून धुऊन काढतात. गोड आणि तिखट जास्त असेल तर पुन्हा रीसलिंग. मांस आणि मासे निम्मे निम्मे असतील तर कोरडी रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. अशा ठिकाणी बशा स्वयंपाकघराच्या सोयीने येतात. गोड ग्लेझची बशी शेवटी आणा, एवढं मात्र सांगून ठेवा, नाहीतर पुढची सगळी वाइन आंबट लागेल.

ग्लासाने घ्यावी की बाटलीने, हे विचारण्याआधी ग्लास किती मिलिलीटरचा ते विचारा. 125, 150 आणि 175 अशी तिन्ही मापं चालतात आणि मेन्यूवर आकडा नेहमी असतोच असं नाही. सगळे एकच वाइन पिणार असतील आणि तिसरा-चौथा ग्लास होणारच असेल, तर बाटली बहुधा स्वस्त पडते.

प्रश्न : यादीतली खालून दुसरी वाइन कधीच घेऊ नये, तिच्यावरच सगळ्यात जास्त नफा लावतात, हे खरं का?

उत्तर : ऐकीव आहे. लंडनमधल्या अडीचशेच्या आसपास रेस्टॉरंटांच्या याद्या तपासणारा एक अभ्यास 2021 मध्ये आला. त्यात टक्केवारीने सगळ्यात जास्त नफा यादीच्या मध्यावरच्या बाटल्यांवर दिसला. लाजून मधली मागवणाराच जास्त देतो. दुसरी युक्ती म्हणजे प्रसिद्ध नावाचा शेजारी शोधणं : सान्सेरऐवजी फ्रान्सच्या त्याच लोआर खोऱ्यातली तूरेनची सोव्हिन्यों, शॅम्पेनऐवजी फ्रान्समधलीच क्रेमां.

प्रश्न : ग्लासाला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. वेटर म्हणाला, ही वाइन अशीच असते.

उत्तर : अशी कुठलीच नसते. हा बुचातून येणाऱ्या ‘टीसीए’ नावाच्या संयुगाचा दोष आहे. ग्लास फिरवून किंवा वाट बघून तो जात नाही, वाढतो. शांतपणे ‘वाइन कॉर्क्ड आहे’ म्हणा आणि नवी बाटली उघडायला सांगा. जळलेल्या काडीसारखा वास असेल तर घाई करू नका, तो पाच मिनिटं ग्लास फिरवल्यावर बहुधा उडतो. काळपट पडलेल्या सफरचंदाचा वास आणि पिवळट-तपकिरी रंग म्हणजे बाटली उघडून बरेच दिवस झालेत. म्हणून ग्लासाने मागवताना ‘बाटली कधी उघडली?’ एवढं विचाराच. आज किंवा काल असेल तर ठीक, चौथा दिवस असेल तर दुसरं काहीतरी. फिरवून उघडायच्या झाकणाची बाटली बघून नाक मुरडू नका. बुचाच्या या दोषातून ती बहुतांशी सुटते.

प्रश्न : माशाच्या टाकोबरोबर रेड घेतली तर बिघडतं का?

उत्तर : बिघडू शकतं, आणि दोष लोहाचा. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी शिंपल्यांबरोबर वाइन चाखून पाहिल्या. ज्यांत लोह लीटरला 2 मिलिग्रॅमच्या वर होतं, त्यांनी मागे माशाचा उग्र वास ठेवला. लोहाचा आकडा लेबलवर नसतो, म्हणून टाकोला म्युस्कादे किंवा विन्यो वेर्दे घ्या आणि वर लिंबू सढळ हाताने पिळा.