कुलूप मैदानाला लागलं, राग घरात आला

*ताई, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली, तेव्हापासून त्याचा घरात पाय ठरत नाही. कॉलनीतल्या ओपन स्पेसवर पोरं क्रिकेट खेळायची. एका कारची काच फुटली आणि कमिटीनं गेटला कुलूप लावलं. मग पोरांनी त्या कुलपात फेविक्विक ओतलं, कंपाउंडच्या भिंतीवर काळ्या स्प्रेनं 'मैदान आमचं आहे' असं लिहिलं आणि रात्री साडेबाराला अध्यक्षांच्या दारात सुतळी बॉम्ब लावला. कॅमेऱ्यात आमचा मुलगा दिसला. ह्यांनी चारचौघांत त्याच्या कानाखाली वाजवली. आता तो ह्यांच्याशी बोलत नाही. मला म्हणतो, 'तुम्ही सगळी मोठी माणसं सारखीच.' रात्री ह्यांची गाडी काढून मित्रांबरोबर ट्रिपल सीट भटकतो. हे म्हणतात लातूरला हॉस्टेलला टाकू. कमिटी म्हणते पोलिसांत देऊ. माझा मुलगा वाया चाललाय का?*
*— एक आई, जुळे सोलापूर*

नाही हो. वाया चाललेली पोरं भिंतीवर मागणी लिहीत बसत नाहीत. कुणाला शिवी लिहिली असती, कुणाच्या मुलीचं नाव लिहिलं असतं, तर मलाही काळजी वाटली असती. त्यांनी आपलं म्हणणं लिहिलं. लिहायची जागा चुकली आणि बॉम्ब तर साफ चुकला, पण म्हणण्यात तथ्य आहे. मोठ्या वसाहतीचा लेआऊट, म्हणजे प्लॉट पाडायचा आराखडा, मंजूर होताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते आणि ती तिथं राहणाऱ्या सगळ्यांसाठी असते. सोळा वर्षांचा मुलगाही रहिवासीच आहे. कुलूप लावण्याआधी या पोरांना बोलावून कुणी चार शब्द विचारले का? तुमच्या पत्रात तसं कुठं दिसलं नाही.

आता त्याचा दिवस कसा जातो ते बघा. सोलापूरचा एप्रिल-मे. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. सकाळी दहानंतर बाहेर पडायची सोय नाही, ती थेट उन्हं उतरेपर्यंत. शाळा संपली, अकरावीचा पत्ता नाही, निकाल लागायचाय. दिवसभर पंख्याखाली मोबाईल आणि 'अभ्यासाचं काही बघतोस का' हा एकच प्रश्न. त्याच्या वाट्याला खऱ्या अर्थानं संध्याकाळचे दोन तासच येतात, आणि नेमकं त्याच वेळेला गेटला कुलूप. त्यात या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकलेलं असतं. झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा सुटतं, म्हणून बारा वाजले तरी ही पोरं टक्क जागी असतात. तुम्ही अंथरुणाला पाठ टेकता, तेव्हा त्यांना तरतरी आलेली असते.

मला आपल्या या नव्या वस्त्यांबद्दल मनापासून बोलायचंय. जुन्या गावात, म्हणजे पाणीवेस, बाळीवेस, मंगळवार पेठ या बाजूला, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला जायला एक जागा असते. तालीम असते, मंडळ असतं. गणपतीच्या आधी रोज रात्री लेझीमचा सराव चालतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेआधी नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलायचा सराव चालतो. तिथं वस्ताद, मोठी मंडळी रागावतात, 'काय बे, हात वर कर की' म्हणून ओरडतात, पण ओरडता ओरडता त्याच्या हातात काहीतरी देतातही. तालमीत सगळं गोडच असतं असं नाही. डीजेचा दणदणाट आणि वर्गणीची दादागिरी मी काही विसरलेले नाही. तरी तिथल्या पोराला आपण कुणाला तरी लागतो हे कळतं. जुळे सोलापुरात आपण रुंद रस्ते केले, बंगले बांधले, प्रत्येकाला कंपाउंड केलं. लहान मुलांसाठी घसरगुंडी, म्हाताऱ्यांसाठी बाकडी. सोळा वर्षांच्या मुलासाठी काय केलं? तो दिसला की 'इथं उभं राहू नका रे' एवढंच.

म्हणून हा राग अंगावर येतो. आणि तो एकट्याचा नसतो, टोळक्याचा असतो. अमेरिकेत 2005 साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, काहींनी एकट्यानं खेळायचा आणि काहींनी दोस्त शेजारी बसलेले असताना. किशोरवयीन मुलं दोस्तांसमोर कितीतरी जास्त धोका पत्करायची. मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. तुमचा मुलगा एकटा असता तर रात्री साडेबाराला बॉम्बची वात पेटवायला गेला असता का, हे तुम्हीच मनाशी विचारा.

पण चूक ती चूक. त्या घरात कुणाला हृदयाचा त्रास असता तर? रात्री दहानंतर फटाके वाजवायला कायद्यानंही बंदी आहे. तेव्हा त्याची भरपाई त्यानंच करायची, वडिलांच्या खिशातून नाही. नवं कुलूप सगळ्या पोरांनी पैसे गोळा करून आणावं. भिंतही त्यांनीच रंगवावी. काळा स्प्रे रंगाच्या एका हातानं झाकला जात नाही, वरून चुना मारला तरी अक्षरं खालून दिसत राहतात. आधी घासायचं, प्रायमर मारायचा, वाळू द्यायचा, मग दोन हात रंग. उन्हं उतरल्यावरच काम होईल, म्हणजे दोन-तीन संध्याकाळी सहज जातील. जाऊ देत. येणारे-जाणारे बघतील, कुणी टोमणेही मारतील, तेही त्याला सोसू दे. एक मात्र सांभाळा: तुमचा एकटा कॅमेऱ्यात सापडला म्हणून तो एकटाच राबतोय, असं होऊ देऊ नका. बाकीच्यांच्या आयांना तुम्ही स्वतः फोन करा.

अध्यक्षांकडे माफी मागायला त्याला एकट्याला जाऊ द्या. मागे बाप उभा, 'पाया पड' म्हणून ढकलतोय, असली माफी दोघांनाही नकोशी होते. 'काका, बॉम्ब लावायला नको होता' एवढं तो सरळ बोलला तरी पुरे.

भिंत रंगवून झाली की मगच अर्ज. हा अर्ज पोरांनी लिहायचा, तुम्ही फक्त वाचून द्यायचा. खेळायची वेळ कोणती, चेंडू टेनिसचाच, गाड्या लागतात त्या बाजूला बॅटिंग नाही, काच फुटलीच तर पैसे कुठून येणार, हे सगळं त्यात त्यांच्या शब्दांत यावं. आणि गेटची किल्ली दोन मुलांच्या नावावर मागा. कमिटीला हे पटवणं सगळ्यात अवघड जाईल, पण हट्ट धरा. ज्याच्याकडे किल्ली असते, तो वेळेवर गेट लावतो आणि धाकट्या पोरांना दमही देतो. मीटिंगमध्ये पोरांना बसू द्या, बोलू द्या, आणि तुम्ही त्यांच्या शेजारी बसा.

गाडीच्या बाबतीत मात्र एक पाऊलही मागे घेऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. विजापूर रोडला रात्री जड वाहनं कशी धावतात, ते तुम्ही रोज बघता. किल्ली तुमच्या कपाटात ठेवा. शिक्षा म्हणून ठेवलेली नाही, तुझा जीव हवाय म्हणून ठेवली आहे, हे त्याला तोंडानं सांगा.

पोलिसांची धमकी ऐकून घाबरू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि अशा किरकोळ प्रकरणात मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही असेच नियम आहेत. कमिटीला हे शांतपणे सांगा, भांडू नका. लातूरचं म्हणाल तर त्याला स्वतःला 'नीट' किंवा 'जेईई' या प्रवेश परीक्षांची तयारी करायची असेल तर जरूर विचार करा. शिक्षा म्हणून मुळीच नको. घरानं आपल्याला हाकललं एवढंच घेऊन तो तिथं जाईल.

त्याच्या कपड्यांना, तोंडाला मावा-गुटख्याचा किंवा आणखी कसला वास येऊ लागला, घरातले पैसे गायब होऊ लागले, मित्रही सुटले आणि तो खोलीतच पडून राहू लागला, 'जगून काय करू' असं काही बोलला, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. 14416 या टेलिमानस हेल्पलाइनवर कधीही फुकट बोलता येतं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, तरी लक्ष ठेवा.

आता तुमचे मिस्टर. बापाची चप्पल पोराच्या पायात बसायला लागली की त्याच्याशी दोस्तासारखं वागावं, असं आपल्याकडे म्हणतात. ते रागावले यात काही गैर नाही, पण चारचौघांतली ती थप्पड पोराला सलतेय. बाकी सगळं तसंच राहू द्या, पण 'सगळ्यांसमोर हात उचलायला नको होता' एवढं एक वाक्य त्यांनी बोलावं. समोर बसून जमत नसेल तर रंगाचा डबा आणायला दोघं मिळून जाऊ देत, वाटेत बोलतील. तुम्ही मधे निरोप्या होऊ नका.

आणि कमिटीनं अर्ज घ्यायलाच नकार दिला, तर पोरांना महापालिकेच्या कार्यालयात जायला सांगा. मंजूर लेआऊटचा नकाशा मागायचा, त्यात ती जागा कशासाठी दाखवली आहे ते बघायचं आणि तिथं लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. काय उत्तर मिळालं ते मला कळवा. पुढचं आपण मिळून ठरवू.