व्हिएन्नात वयस्कर आईवडिलांना म्युझियम दाखवावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: आईवडील सत्तरीच्या पुढचे, व्हिएन्नात हातात दोन दिवस, तर राजवाडे-म्युझियमं आतून दाखवावीत की बाहेरून फोटो काढून पुढे जावं? शिवाय भाऊ म्हणतो, त्यांना त्यातलं काय कळणार, उगाच पैसे घालवू नकोस.

आतून दाखवा. याउपर मी लिहायला बसलो ते तुमच्या भावाच्या वाक्यामुळे. हेच वाक्य माझ्या दादानं आमच्या आईबद्दल म्हटलं होतं.

आई खटाव तालुक्यातली, सातवीपर्यंत शिकलेली, सगळी हयात शेतात गेलेली. दादानं मला आणि तिला युरोपच्या ग्रुप टूरवर पाठवलं. खर्च त्याचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. व्हिएन्नात टूरवाल्यांनी शोनब्रुन राजवाड्यापाशी बस थांबवली, पुढच्या अंगणात सगळ्यांना फोटो काढायला लावले आणि परत बसमध्ये बसवलं. चौदाशे एक्केचाळीस खोल्यांचा राजवाडा, आणि एकाही खोलीत पाऊल नाही. त्यानंतर स्फटिकाच्या वस्तूंच्या दुकानात मात्र निवांत वेळ दिला. आई दुकानाबाहेरच्या बाकावर बसून होती. म्हणाली, "आत ऱ्हात कोण हुतं, त्ये कुणी सांगितलंच न्हाई."

त्या दिवशी गुरुवार होता. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम हे तिथलं जुन्या चित्रांचं मोठं म्युझियम गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. बाकी मंडळी जेवायला गेली, मी टूर मॅनेजरला सांगून आईला तिकडे नेलं. दादाचा फोन आला तेव्हा तो चिडला. "तिला वेळेवर जेवायला घाल. चित्रांतलं तिला काय कळणार आहे?"

पहिल्या मजल्यावर पीटर ब्रूगेलचं दालन आहे. या चित्रकाराची जेमतेम चाळीसेक चित्रं जगात उरली आहेत आणि त्यांतली बारा या एका म्युझियममध्ये आहेत. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या लोकांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ती गोळा केली. मी आईला 'बॅबेलचा मनोरा' दाखवत होतो, 1563 सालचं, फार गाजलेलं. तिनं ते पाहिलं आणि सरळ पुढच्या एका चित्रासमोर जाऊन उभी राहिली. शेतकऱ्याघरचं लग्न, 1567च्या आसपासचं. खळ्यात पंगत बसली आहे, दोन माणसं वाढायला आली आहेत.

"आरं, ह्ये दार हाय. चौकटीतनं काढलंय." वाढपी ज्यावर खिरीसारख्या पेजेच्या वाट्या मांडून आणत होते ते खरोखरच दार होतं, खाली दोन दांडे घालून उचललेलं. मला तोवर ती मोठी फळी वाटत होती. "माणसं लई झाली की परात कुठं पुरती?" मग तिनं भिंतीकडं बोट केलं. तिथं दाताळ्याला दोन पेंढ्या अडकवल्या आहेत. "सुगी झालीया. म्हणून लगीन काढलंय." मी हॉटेलवर येऊन वाचलं. कलेचा इतिहास लिहिणारेही त्या पेंढ्यांवरून हेच सांगतात, की हे कापणी उरकल्यावरचं लग्न आहे.

पुढे तिचं तिनंच सगळं लावलं. हिरव्या कापडासमोर, टांगलेल्या कागदी मुकुटाखाली हात जुळवून बसलेली ती नवरी. "पोरीनं घास घेतला न्हाई अजून." खाली बसून बोटानं ताटली चाटणारं पोर, त्याच्या टोपीत मोरपीस. पिपाणी वाजवायचं सोडून वाढप्यांच्या हातांकडं बघणारा वाजंत्री. "भुका लागल्यात बिचाऱ्याला." मग तिनं विचारलं, "नवरा कंचा?" मला सांगता आलं नाही. जाणकारांतही त्यावर एकमत नाही, या पंगतीत नवरा नेमका कोणता यावर अजून वाद होतात. आणि शेवटी म्हणाली, "ह्या वाढप्याला पाय तीन हाईत." मोजून पाहा, दाराखाली खरंच एक पाऊल जास्तीचं दिसतं, आणि त्याबद्दलही कितीतरी लिहिलं गेलंय.

दालनात बसायला मऊ कोच आहेत. ती बसली, उठली, पुन्हा जवळ गेली. शेजारच्या 'बर्फातले शिकारी' या 1565च्या चित्रात एवढी माणसं, एवढी कुत्री आणि शिकार फक्त एक कोल्हा, हे मी सांगायच्या आधी तिनं पाहिलं होतं. पहारेकरी वेळ संपल्याचं सांगायला आला तेव्हाच आम्ही उठलो.

मला स्पष्ट सांगायचं आहे. कला कळायला शिक्षण लागतं, असं मानणाऱ्यांनी त्या चित्रासमोर उभं राहून पाहावं. ते चित्र शेतात राबणाऱ्या माणसांचं आहे, आणि ते वाचायला शेत माहीत असलेलं माणूस लागतं. दादा इंजिनिअर आहे. चित्र त्याला मोबाइलवर दाखवलं तेव्हा तो "छान आहे" म्हणाला आणि त्यानं पुढचा फोटो सरकवला. आजही घरात विषय निघाला की तो म्हणतो, आईला बागेत बसवून आइस्क्रीम दिलं असतं तरी ती तितकीच खूश झाली असती. मला हे मान्य नाही.

आता शोनब्रुन. आईला तो आतून दाखवता आला नाही याची चुटपुट आहे. नंतर मी कामासाठी व्हिएन्नाला गेलो तेव्हा एकटाच आत जाऊन आलो. तिकीट जास्तीत जास्त खोल्या दाखवणाऱ्या फेरीचंच काढा. मी गेलो तेव्हा लहान फेरीत ऑस्ट्रियाच्या फ्रान्स योझेफ बादशहाच्या खोल्या दिसत. तो 1830मध्ये याच राजवाड्यात जन्मला आणि 1916मध्ये इथेच वारला. त्याचा साधा लोखंडी पलंग बघण्यासारखा आहे. पण अठराव्या शतकातल्या मारिया तेरेसा राणीची 'मिलिओनेनत्सिमर', म्हणजे दशलक्षांची खोली, तेव्हा मोठ्या फेरीतच लागायची. त्या खोलीच्या भिंतींना मौल्यवान लाकडाचं आवरण आहे आणि त्यात सोनेरी वळणदार चौकटींमध्ये मुघल लघुचित्रं बसवली आहेत. चौकटींचे आकार वेडेवाकडे, म्हणून मूळ चित्रं कापून, तुकडे जुळवून चिकटवली. जवळ जाऊन पाहिलं की सांधे ओळखू येतात. मला तिथं राग आला आणि अजूनही येतो. आपल्याकडच्या कुण्या चित्रकारानं एकेक केस रंगवलेली पानं कातरीनं कापायची, ती भिंत सजवायला! हिंदुस्थानातून आलेल्या माणसानं ती खोली पाहिलीच पाहिजे. तुमच्या आईवडिलांना नीट समजावून सांगा, त्यांना कळेल.

बेल्व्हेडेअर राजवाड्यातल्या म्युझियममध्ये क्लिम्ट या चित्रकाराचं 'चुंबन' आहे, वेळ उरला तर जा. त्यासमोर कायम गर्दी असते. होफबुर्ग या शहरातल्या राजवाड्यातला खजिना मला त्याहून आवडला, दहाव्या शतकातला मुकुट तिथं काचेत हातभर अंतरावर दिसतो.

काही गोष्टी राहिल्या. गुडघे दुखत असतील तर शोनब्रुनमागच्या टेकडीवरच्या ग्लोरिएटे या कमानींच्या इमारतीपर्यंत चढवू नका, आणि राजवाड्यात बसायला जागा फारशी नाही, म्हणून सकाळची पहिली वेळ ऑनलाइन धरा. ज्या दिवशी राजवाडा, त्या दिवशी दुसरं काही नको. ब्रूगेलचं म्युझियम उन्हाळा सोडून सोमवारी बंद असतं, खजिना मंगळवारी. मुलं बरोबर असतील तर सरकारी म्युझियममध्ये एकोणीस वर्षांखालच्यांना तिकीट नाही. शोनब्रुनला मात्र ही सवलत लागू नाही. तुमचे दोन दिवस सोमवार-मंगळवार येत असतील तर विमानाचं तिकीट काढण्याआधीच तारखा हलवा, आणि जमलं तर त्यात एक गुरुवार धरा.