वही परत द्या, किल्ली नको

तासगावच्या वहिनी,

तुमचं पत्र चार पानी. धाकट्या दिरांना डिप्रेशन आहे, मिरजेच्या डॉक्टरांनी दहा दिवसांपूर्वी गोळ्या सुरू केल्यात, आणि अशा माणसाशी बोलायचं कसं हे शिकवणारा ऑनलाइन कोर्स तुम्हाला हवाय. तिसऱ्या पानावर जाता जाता एक ओळ: 'आता जरा बरे वाटतात. परवा स्वतःहून बागेची वही ह्यांच्या हातात दिली, सोसायटीच्या कर्जाचे कागदही दाखवले. हे म्हणाले, सुधारला गडी.'

माझा जीव त्या ओळीतच अडकलाय.

छाटणीपासून कितव्या दिवशी कुठला फवारा, हे ज्या वहीत लिहिलंय ती वही द्राक्षवाला ऐन हंगामात कुणाला देतो का हो? गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, दहा दिवसांत नाही. मग हे बरं वाटणं आलं कुठून? माझा अंदाज चुकला तर मला खुशाल हसा. पण खचलेला माणूस आवराआवर करू लागला आणि एकाएकी शांत झाला, तर त्यानं मनाशी काही ठरवलेलं असू शकतं.

कोर्स राहू दे. हे वाचून होताच फवारणीची विषारी औषधं ठेवता त्या खोलीला कुलूप घाला. जमलं तर सगळे डबेच दुसऱ्या वस्तीवर हलवा. आपल्याकडे 'औषध घेतलं' म्हटलं की ऐकणारा 'कुठलं?' म्हणून दचकतो, इतकं ते घरातलं झालंय. किल्ली तुमच्या कमरेला. यजमानांकडे नको, त्यांना वहीतलं काही कळलं नाही.

मग संध्याकाळी भावजींजवळ बसा. टीव्ही बंद, पोरं बाहेर. सरळ विचारा, 'भावजी, जीव द्यायचं मनात येतंय का?' ह्याच शब्दांत. 'वेडंवाकडं काही मनात नाही ना?' असं विचारलंत तर ते 'नाही' म्हणतील, कारण तुम्हीच ते तोंडात घातलेलं असेल. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट कितीकांना हायसं वाटतं, की चला, कुणीतरी विचारलं.

'हो' म्हणाले तर डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल, पण 'पोरांकडे बघा', 'लोक काय म्हणतील' नको. ऐकून घ्या. रात्री एकटं सोडू नका. १४४१६ लावा, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. सकाळी त्याच डॉक्टरांकडे, वहीची गोष्ट सांगायची. तिथं नंबर लागेना तर सांगलीच्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. जीवावरचं वाटलं तर थेट १०८.

आणि ती वही त्यांची त्यांना परत करा. म्हणावं, 'पुढचा फवारा कधी ते तुम्ही सांगा, मारायला आम्ही आहोत.'

पत्रात फोन नंबर दिला नाहीत, नाहीतर हे लिहीत बसले नसते. उद्या दोन ओळी टाका.