टी-शर्ट मुलीलाच रंगवू द्या

पहिला टी-शर्ट पूर्ण सुती हवा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिला बरोबर न्या, निवड तिची. पॉलिएस्टर मात्र नको, त्यावर रंग नीट धरत नाही. नवा कपडा आधी धुवा, सॉफ्टनर न घालता. खळ राहिली तर रंग धाग्यात मुरत नाही. आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर रंग पाठीवर उतरतो.

फॅब्रिक कलरमध्ये पाणी थेंबभरच. जास्त झालं की कडा पसरतात आणि मूल हिरमुसतं. काळ्या कापडावर आधी पांढऱ्याचा हात द्यायचा, तो वाळल्यावर बाकीचे रंग. चित्र वाकडं वाटलं, रंग भडक वाटले, तरी ब्रश तुम्ही हातात घेऊ नका. एवढं कृपा करून पाळाच. मोठ्यांनी 'सुधारलेला' टी-शर्ट मुलं पुन्हा घालत नाहीत.

घाई होते ती वाळवताना. एरवी एक दिवस पुरतो, पण पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पंख्याखाली दोन दिवस ठेवा. मग उलट बाजूने, वाफ न सोडता, तीन-चार मिनिटं इस्त्री. ती तुम्ही करा. पहिली धुलाई तीन दिवसांनी, टी-शर्ट उलटा करून, थंड पाण्यात.