पहिल्यांदा शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या (जवळच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांची महिन्याची बैठक घेतेयस ना, मग हे वाच

अगं सगळ्यात आधी खुर्च्या गोलात मांड, रांगेत बसवलं की शिक्षकांचे लगेच विद्यार्थी होतात आणि मागे माहिती भरायची कामं सुरू. पीपीटी कमी ठेव. प्रश्न विचारलास की गप्प बस, खरंच गप्प. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक, त्यांनी वर्गांत मोजलं होतं, प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात, ३ सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि विचार करून येतात, मोठ्यांना तर त्याहून जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं.

मी सुरुवातीला हवेली तालुक्यातल्या एका केंद्रात दोन तास एकटीच बोलले, नंतर चहा घेताना एक बाई म्हणाल्या, हातच्याच्या वजाबाकीचं मी करून बघितलं होतं पण कुणी विचारलंच नाही. अजून लागतं ते मनाला. तेव्हापासून आधी २ मिनिटं एकट्याने लिहायचं, मग जोडीत, मग सगळ्यांत. द्विशिक्षकी शाळेतल्यांना आधी बोलू दे, दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळणं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. शेवटी प्रत्येकाने सोमवारी वर्गात काय करून बघणार ते लिहायचं, पुढच्या महिन्यात तिथूनच सुरू कर.